नगरपालिकेचे दफ्तर आणि तुटलेला दुवा

पूर्वी नगरपालिकेच्या कचेरीत गेलेल्या नागरिकाला “साहेब दौऱ्यावर आहेत, उद्या या” असे उत्तर मिळे. त्या उत्तरामागे निदान एक माणूस समोर बसलेला असे. त्याच्याशी वाद घालता येई, चार लोक जमवता येत, प्रसंगी दारात ठिय्या देता येई. आता तेच उत्तर संकेतस्थळ देते. सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताच्या ओळीवर बोट ठेवावे आणि पडद्यावर “पृष्ठ आढळले नाही” एवढेच उमटावे. नकार दिला गेलेला असतो, पण तो कोणी दिला, कोणत्या कलमाखाली दिला आणि त्याविरुद्ध दाद कोठे मागावयाची, याचा मागमूस नसतो. लेखी नकारावर अपील करता येते. तुटलेल्या दुव्यावर कोणाची सही नसते.

हा यंत्राचा प्रश्न आहे, एखाद्या संगणकतज्ज्ञाने तो सोडवावा, असे समजून डाव्या व समाजवादी चळवळीने त्याकडे पाठ फिरवली आहे. वस्तुतः हा दफ्तरावरील मालकीचा प्रश्न आहे, आणि बुलडाण्यासारख्या जिल्ह्यात तो मुंबई-पुण्याहून अधिक तीव्र आहे.

या जिल्ह्यात महानगरपालिका एकही नाही. बुलडाणा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार, मेहकर, खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर आणि जळगाव जामोद या ११ नगरपालिका, आणि मोताळा व संग्रामपूर या २ नगरपंचायती. खेड्यातील माणसाला ग्रामसभा आहे. ती पुष्कळदा कागदावरच उरकली जाते हे खरे. तथापि उभे राहून “विहिरीच्या कामाचा हिशेब वाचून दाखवा” असे सरपंचाला म्हणण्याची जागा कायद्याने त्याला दिली आहे. गावाचे शहर झाले की ही जागा नाहीशी होते. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या बंधनकारक केल्या त्या तीन लाख वा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांना. आणि २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातील सर्वांत मोठे शहर खामगाव, तेही एक लाखाच्या आत होते. मोताळ्यात ग्रामपंचायत होती तोवर तेथील मजुराला भर सभेत जो प्रश्न विचारता येत होता, तो नगरपंचायत आल्यावर विचारण्याचे ठिकाणच उरले नाही. त्याच्या हाती उरले ते दफ्तर. आणि दफ्तर आता संकेतस्थळावर गेले आहे, असे शासनच सांगते.

जाणण्याचा हक्क ही कोणा शासनाने दिलेली देणगी नव्हे, हे समाजवादी कार्यकर्त्यांना तरी सांगावे लागू नये. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक कारभार जाणून घेण्याचा जनतेचा हक्क मान्य केला, तो उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध राजनारायण या खटल्यात. आणि कागद मागणारे राजनारायण समाजवादी होते. त्या निकालापासून २००५ च्या माहिती अधिकार कायद्यापर्यंत तीस वर्षे लागली. मधल्या काळात राजस्थानातील मजुरांनी रोजगाराच्या कामांची हजेरीपत्रके मागितली, १९९६ साली ब्यावर येथे धरणे धरले, महाराष्ट्रातही आंदोलने झाली. त्या कायद्याचे कलम ४ पुष्कळांनी वाचलेलेच नाही. कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता १७ प्रकारची माहिती प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतः होऊन, १२० दिवसांच्या आत प्रसिद्ध करावी आणि ती वेळोवेळी अद्ययावत ठेवावी, असे ते सांगते. त्यात अंदाजपत्रक आहे, अनुदानाच्या योजना व त्यांचे लाभार्थी आहेत, परवाने व सवलती मिळालेल्यांची यादी आहे, सभांची इतिवृत्ते लोकांना पाहता येतात की नाही याचे निवेदन आहे. इतकेच नव्हे, तर अभिलेखांची सूची व अनुक्रमणिका करून ते नीट लावून ठेवावेत, असेही त्याच कलमाच्या पहिल्या पोटकलमात म्हटले आहे. अनुक्रमणिका हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. सापडण्याजोगे ठेवणे हे कर्तव्य आहे; कोठेतरी ठेवले आहे, एवढ्याने ते पुरे होत नाही.

दुवा तुटणे हा या रोगाचा ढोबळ प्रकार. संकेतस्थळ सांभाळणारा कंत्राटदार बदलतो, पत्ता बदलतो, जुने कागद नव्या जागी आणण्याचे काम कोणाच्याच करारात नसते, आणि एका रात्रीत काही वर्षांचे ठराव बेवारस होतात. याहून सूक्ष्म प्रकार म्हणजे कागद आहे, उघडतो, पण शोधला असता सापडत नाही. टंकलिखित ठरावावर सही-शिक्का करून त्याचे छायाचित्र काढले जाते आणि ते चढवले जाते. यंत्राच्या दृष्टीने ते नुसते चित्र. त्यातील एक अक्षरही त्याला वाचता येत नाही. दोनशे पानांच्या अशा गठ्ठ्यात आपल्या गल्लीच्या नालीचा ठराव शोधावयाचा, तर पानेच उलटली पाहिजेत. काही मजकूर अजून कृतिदेव वा श्रीलिपीच्या जुन्या फाँटांत आहे. डोळ्यांना तो मराठी दिसतो, पण यंत्राच्या लेखी ती रोमन अक्षरांची अर्थहीन रास असते, आणि युनिकोड मराठीत केलेला शोध तेथपर्यंत पोचत नाही. या जिल्ह्याच्या नावाचीच गंमत पाहावी: कोणी बुलडाणा लिहितो, कोणी बुलढाणा, सिंदखेड राजा कोठे जोडून येते, कोठे तोडून, नगरपालिका, नगरपरिषद आणि नगर परिषद हे तीन वेगवेगळे शब्द ठरतात. एका लेखनाने विचारावे तर दुसऱ्या लेखनाचा कागद दडून राहतो. शाळामास्तरांच्या शुद्धलेखनाच्या वादाला इतके राजकीय महत्त्व येईल असे कोणाला वाटले नसेल.

इंग्रजांनी १९१० साली बुलडाणा जिल्ह्याचे गॅझेटिअर छापले. महसूल गोळा करणाऱ्या परक्या सत्तेलाही मुलखाची नोंद नीट लावून ठेवल्याशिवाय चालत नव्हते. ती नोंद रयतेसाठी नव्हती, हे खरेच. पण आजच्या संकेतस्थळांवर सगळेच दुवे तुटतात का, हेही तपासून पाहावे. मालमत्ता कर भरण्याचे पान सहसा चालते. त्यावर मालमत्तेचा क्रमांक टाकला की थकबाकी क्षणात दिसते, शास्तीही मोजून मिळते. घेण्याच्या बाजूला शोधयंत्र तत्पर असते; त्या कराचे पुढे काय झाले हे विचारणाऱ्या बाजूला गेले की ते मुके होते. दोन्ही कामांना लागणारे तंत्र एकच असताना हा फरक का पडतो, याचे उत्तर तंत्रज्ञानात शोधून मिळणार नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर एकदा प्रसिद्ध झालेला कागद आणखी एका माणसाला दाखवण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. तो लपला की हा खर्च नागरिकाच्या अंगावर पडतो, आणि तो सर्वांवर सारखा पडत नाही. ठेकेदाराला, जमिनीच्या व्यापाऱ्याला कागद घरपोच मिळतो. हातगाडीवाल्याला त्यासाठी एक दिवसाचा धंदा बुडवावा लागतो. पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्याने दर पाच वर्षांतून किमान एकदा सर्वेक्षण सांगितले आहे. त्या यादीत आपले नाव आहे की नाही हे पाहण्यासाठीच त्याला तीन खेपा घालाव्या लागणार असतील, तर कायद्याने दिलेले संरक्षण खेपांतच संपते. कंत्राटी सफाई कामगाराचेही तसेच. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात, ठेकेदाराने वेतन दिले नाही तर ते मूळ मालकाने द्यावे, अशी तरतूद होती. नगरपालिकेला तिच्या जबाबदारीची आठवण द्यावयाची तर करारनामा हाती हवा. दर काय ठरला, माणसे किती दाखवली, भविष्यनिर्वाह निधीची रक्कम कोणी भरावयाची, हे सारे त्या कागदात असते. युनियन दाराशी उभी, आणि कागद ‘स्कॅन’ नावाच्या कुठल्याशा फाईलीत.

जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव हा खारपाणपट्ट्याचा मुलूख. खाऱ्या पाण्याबरोबर मूत्रपिंडाच्या विकारांची भीती येथे घरोघर वावरते. नळाच्या पाण्याची तपासणी केव्हा झाली, त्यात क्षार किती निघाले, हे सांगणारा एक पानी अहवाल येथे औषधाइतकाच मोलाचा आहे. २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील काही खेड्यांत लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा पाण्यापासून धान्यापर्यंत सर्वांवर संशय घेतला गेला. माहिती न मिळालेल्या समाजात अफवाच अहवालाचे काम करतात.

आता प्रशासकांच्या काळाविषयी. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका होईपर्यंत राज्यातील बहुसंख्य नगरपालिकांचा कारभार सुमारे चार वर्षे प्रशासकांच्या हाती होता. या काळात सभा म्हणजे एक माणूस, ठराव म्हणजे त्याची सही. विरोधी मत नोंदवण्यास कोणी नव्हते. महात्मा फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते आणि लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्यास त्यांनी एकट्यांनी विरोध केला, हे आज शाळकरी मुलालाही सांगता येते. एकाकी मत पुढच्या पिढीपर्यंत पोचते ते नोंद उरली तरच. प्रशासकांच्या चार वर्षांत तर नोंद हाच एकमेव विरोधी पक्ष होता. त्या काळातील प्रत्येक ठराव, प्रत्येक देयक, प्रत्येक मुदतवाढ वाचता व शोधता येईल अशा रूपात समोर आली पाहिजे, ही मागणी नवनिर्वाचित नगरसेवकांकडून अद्याप म्हणावी तशी आलेली नाही. त्यामागे विसर असेल, किंवा तीच सोय आपल्यालाही उपयोगी पडेल असा हिशेब असेल.

कर्मचारी नाहीत, निधी नाही, लहान गावात संकेतस्थळ पाहतो कोण, ही ठरलेली उत्तरे आहेत. राज्य शासनाचा प्रत्येक शासन निर्णय संगणक सांकेतांक घेऊन निघतो आणि त्या क्रमांकाने तो सापडतो. मंत्रालयाला जे जमते ते नगरपालिकेच्या ठरावाला का जमू नये? २०२५ च्या प्रारंभी शासकीय कार्यालयांसाठी जो १०० दिवसांचा कार्यक्रम आखला गेला, त्यात संकेतस्थळ सुधारणे हे एक कलमच होते. पाठोपाठ १५० दिवसांचा ई-प्रशासनाचा कार्यक्रम आला. गुण मिळाले, सत्कार झाले. परीक्षक मात्र नागरिक नव्हता. परीक्षेच्या दिवसापुरती भिंत रंगवण्याची कला आपल्या कचेऱ्यांना अवगत आहे. आणि सर्व १३ ठिकाणी स्थिती सारखीच वाईट आहे असेही नाही. जेथे काही कागद नीट लावलेले दिसतात, तेथे तेवढ्याच कर्मचाऱ्यांत ते काम झाले आहे.

“माहिती अधिकारात अर्ज करा” हा सल्लाही तपासून घ्यावा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची वाट, पहिले अपील, मग अमरावती खंडपीठाकडे दुसरे अपील. सतर्क नागरिक संघटनच्या अहवालानुसार जून २०२४ अखेर महाराष्ट्राच्या माहिती आयोगापुढे एक लाखाहून अधिक प्रकरणे पडून होती. ज्या कागदासाठी अर्जच लागू नये असे कलम ४ म्हणते, त्याच कागदांच्या अर्जांनी ही रांग फुगवली आहे. उशिरा माहिती देणाऱ्या अधिकाऱ्यास दिवसाला २५० रुपये दंड आहे. कलम ४ पाळले नाही म्हणून दंड नाही. कायद्यातील हे भगदाड नोकरशाहीला नेमके ठाऊक आहे.

एक कटू गोष्ट पक्षाच्या कार्यकर्त्यांविषयीही लिहिली पाहिजे. कागद सापडत नाही म्हणून नागरिक कार्यकर्त्याकडे येतो. कार्यकर्ता ओळखीच्या लिपिकाला सांगून तो काढून देतो. नागरिक उपकृत होतो, आणि निवडणुकीत ते उपकार आठवले जातात. सत्ताधारी पक्षांचे राजकारण यावरच चालते. परंतु जो पक्ष हक्काची भाषा बोलतो, त्याच्या शाखेनेही तुटलेल्या दुव्याच्या जागी स्वतःला बसवून घ्यावे आणि याला जनसेवा म्हणावे? असा कार्यकर्ता संकेतस्थळ दुरुस्त व्हावे म्हणून मनापासून भांडणार नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये किशनचंद जैन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने कलम ४ च्या अंमलबजावणीवर सतत देखरेख ठेवण्याचे काम माहिती आयोगांवर सोपवले. कलम १८ खाली तक्रार करता येते, आणि विशिष्ट माहिती प्रसिद्ध करण्याचा आदेश देण्याचा अधिकार कलम १९(८) ने आयोगाला दिला आहे. जिल्ह्यातील प्रत्येक शहराच्या शाखेने एक आठवडा संकेतस्थळापुढे बसावे. १७ बाबींपैकी कोणती उघडते, कोणती उघडत नाही, कोणता ठराव शब्दाने शोधता येतो, याची तारखेसह व पडद्याच्या छायाचित्रासह नोंद करावी. तिची एक प्रत मुख्याधिकाऱ्यांच्या आवक बारनिशीत चढवून पोच घ्यावी, एक प्रत नगरसेवकांच्या हाती द्यावी, आणि तीस दिवसांत फरक पडला नाही तर १३ गावांच्या १३ तक्रारी एकाच दिवशी अमरावतीला दाखल कराव्यात.