विश्लेषण : सैन्यातून अर्ध्यावर परतलेल्या मुलाच्या कागदावर ‘कारण’ कोण लिहिते?

“सही माझीच आहे दादा, पण अर्ज माझा नाही.”

नांदेड जिल्ह्यातल्या एका मुलाने फोनवर सांगितलेले हे वाक्य. माझ्या इंजिनिअरिंगच्या वर्गमित्राचा हा मावसभाऊ. दोन वर्षे अकादमीत राहिला, पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर धावला, लेखी निघाली, ग्राउंड निघाले, मेडिकल निघाले. गावात सत्काराचा फ्लेक्सही लागला होता. प्रशिक्षणाच्या सहाव्या महिन्यात पायाचे हाड दुखावले, रुग्णालयात काही दिवस गेले आणि एका दुपारी त्याच्यासमोर छापील मजकुराचा कागद आला. ‘सही कर, घरी जाऊन बरा हो, पुढच्या भरतीत परत ये,’ असे तोंडी सांगितले गेले, असे तो म्हणतो. कागदावर मात्र लिहिले होते, की त्याने स्वतःच्या विनंतीवरून सेवा सोडली.

त्याने तो कागद व्हॉट्सॲपवर पाठवला आणि विचारले, “हे बदलता येतं का?”

दोन ओळींत उत्तर देता येईल असे वाटले होते. त्याला आता तीन आठवडे झाले. दुसरी बाजू, म्हणजे त्या प्रशिक्षण केंद्राची, मी ऐकलेली नाही. त्यामुळे कोण खरे बोलतो याचा निवाडा इथे नाही. प्रश्न वेगळा आहे. हा निवाडा मागायचा असेल तर मराठवाड्यातल्या मुलाने जायचे कुठे?

कसम परेडच्या अलीकडे आणि पलीकडे

गावात ‘मिलिटरीत लागला’ हे भरतीच्या दिवशीच ठरते. कायद्यात तसे नाही. सैन्य कायदा, 1950 नुसार नाव नोंदवले की मुलगा कायद्याच्या कक्षेत येतो, पण पक्का होतो तो अटेस्टेशननंतर, म्हणजे ज्याला आपण कसम परेड म्हणतो त्या शपथेनंतर. मधले सगळे महिने तो ‘रिक्रूट’ असतो.

हा फरक सैन्य नियम, 1954 मधल्या नियम 13 च्या तक्त्यात दिसतो. शपथ घेतलेल्या जवानाला सेवामुक्त करण्याची कारणे तिथे वेगवेगळ्या ओळींत आहेत. मुदत संपली, वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरला, स्वतःची विनंती, इतर. वैद्यकीय कारण असेल तर इनव्हॅलिडिंग बोर्डाची शिफारस लागते, आणि ‘इतर’मध्ये काढायचे असेल तर आधी नोटीस देऊन म्हणणे ऐकावे लागते. शपथ न घेतलेल्यांसाठी मात्र एकच ओळ आहे, ‘सर्व प्रकारची सेवामुक्ती’. अधिकार कमांडिंग ऑफिसरचा. जो ‘कार्यक्षम सैनिक होण्याची शक्यता नाही’ असे वाटते, त्यालाही याच ओळीखाली घरी पाठवता येते.

सैन्याच्या बाजूने पाहिले तर यात तर्क आहे. बंदूक हातात देण्याआधी नको असलेला माणूस बाहेर काढण्याची मुभा कोणत्याही सैन्याला हवीच. प्रत्येक रिक्रूटच्या बाबतीत कोर्टकचेरीसारखी चौकशी करत बसले तर प्रशिक्षण चालणार नाही. मला या अधिकाराबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतरच्या शांततेबद्दल.

याच ओळीत आणखी एक वाक्य आहे, जे सहसा कुणी वाचत नाही. रिक्रूटने स्वतःहून सेवा सोडण्याचा अर्ज केला, तर तो मंजूर करणे योग्य आहे याची कमांडिंग ऑफिसरने स्वतः खात्री करून घ्यायची असते. म्हणजे मुलाची सही हा शेवट नाही. ही सही का आली, हे विचारण्याची जबाबदारी नियमानेच अधिकाऱ्यावर टाकली आहे.

एका शब्दाची किंमत

अग्निपथ योजनेत हा शब्द आणखी महाग झाला आहे. पहिल्या वर्षी अग्निवीराला महिना 30 हजार रुपये. त्यातले 9 हजार सेवा निधीत कापले जातात आणि सरकार तेवढेच घालते. चार वर्षे पूर्ण झाली तर व्याजासह साधारण 11.71 लाख रुपये मिळतात. पण स्वतःच्या विनंतीवरून मध्येच बाहेर पडला, तर त्याचे स्वतःचे पैसे व्याजासह परत मिळतात, सरकारचा वाटा मिळत नाही. पाच महिने कापून झाले असतील तर 45 हजार त्याचे आणि 45 हजार गेलेले.

ही छोटी रक्कम. मोठी पुढे आहे. सेवेमुळे आलेल्या किंवा सेवेमुळे वाढलेल्या अपंगत्वासाठी अग्निवीराला प्रमाणानुसार 44 लाख, 25 लाख किंवा 15 लाख रुपये एकरकमी देण्याची तरतूद आहे, अनुक्रमे 100, 75 आणि 50 टक्के अपंगत्वाला. या मुलाचा पाय 50 टक्के भरेल असे मला वाटत नाही, त्यालाही वाटत नाही. पण कारणाच्या रकान्यात ‘स्वतःची विनंती’ लिहिले गेले की टक्के मोजायचा प्रश्नच मागे पडतो.

नियमित भरतीच्या काळात, म्हणजे 2022 च्या आधी गेलेल्या आणि अशाच परतलेल्या मुलांच्या बाबतीत प्रश्न पेन्शनचा आणि ओळखीचाही होता. वैद्यकीय कारणाने बाहेर पडला आणि अपंगत्व पेन्शन मिळाली, तर तो माजी सैनिकाच्या व्याख्येत बसू शकतो. स्वतःच्या विनंतीने गेला तर नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय लातुरातही आहे आणि नांदेडातही, पण त्याच्या दारातून आत जायचे तर आधी हा रकाना पार करावा लागतो.

अमेरिकेत काय होते?

इंटरनेटवर शोधले की सगळ्यात आधी अमेरिकेची माहिती समोर येते, आणि आपली मुले तीच वाचून गोंधळतात. तिथे सेवामुक्तीला दर्जा असतो, सन्माननीय, सर्वसाधारण, त्याखालचे. सुरुवातीच्या प्रशिक्षणातच परत पाठवलेल्याला बहुधा कोणताच दर्जा दिला जात नाही. हा दर्जा वाढवून मागण्यासाठी ‘डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्ड’ आहे, त्याचा ठरलेला फॉर्म आहे आणि अर्जासाठी 15 वर्षांची मुदत आहे. नोंदीतली चूक दुरुस्त करून मागण्यासाठी दुसरे मंडळ वेगळे. 2014 मध्ये तिथल्या संरक्षण खात्याने या मंडळांना सांगितले, की युद्धाच्या मानसिक आघातामुळे वागणूक बिघडलेल्या जुन्या सैनिकांच्या अर्जांकडे उदारपणे पाहा.

तिथे सगळ्यांना न्याय मिळतो असे नाही. पण ‘माझा कागद पुन्हा तपासा’ असे म्हणायला एक खिडकी आहे. आपल्याकडे सेवामुक्तीची प्रतवारी नाही, म्हणून ती ‘अपग्रेड’ करण्याची सोयही नाही. आपल्याकडे भांडण रकान्यातल्या कारणाशी असते.

मग इथे खिडकी कोणती?

आहे, पण मुंबईत. सशस्त्र दल न्यायाधिकरण 2007 च्या कायद्याने आले आणि 2009 पासून काम करू लागले. सेवामुक्ती हा विषय त्याच्या अधिकारात येतो. महाराष्ट्रासाठी मुंबई पीठ आहे. एक चांगली गोष्ट म्हणजे, प्रशिक्षण केंद्र कुठल्याही राज्यात असो, सेवेतून बाहेर पडलेला माणूस आपण जिथे राहतो तिथल्या पीठाकडे अर्ज करू शकतो.

अडचण मुदतीची आहे. अंतिम आदेशापासून सहा महिने. आधी खात्याकडे दाद मागायची असते; तिथून सहा महिने उत्तर आले नाही, तर त्यापुढचे सहा महिने. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी कारण पटवावे लागते. आता गावाकडचे चित्र पाहा. मुलगा परत येतो. पहिला महिना तो घराबाहेर पडत नाही. दुसऱ्या महिन्यात फ्लेक्स उतरवला जातो, पाहुणे विचारू लागतात. तिसऱ्या महिन्यात तो पुन्हा पळायला लागतो, कारण पुढच्या भरतीचे वय निघून चालले आहे. कागद कुणीतरी नीट वाचेपर्यंत सहा महिने सरलेले असतात. नांदेडहून तपोवन किंवा देवगिरी पकडून मुंबईला वकील गाठणे ही त्यानंतरची गोष्ट.

त्यात आपल्या भागाचा आणखी एक घोळ. नांदेड जिल्हा छत्रपती संभाजीनगरच्या सैन्य भरती कार्यालयाखाली येतो आणि शेजारचा लातूर पुण्याच्या. अहमदपूरच्या आणि लोह्याच्या मुलांमध्ये मोटारसायकलने जाण्याइतके अंतर असते, विचारपूस करण्याची ठिकाणे मात्र दोन टोकांना. शिवाय सेवामुक्तीची कागदपत्रे यांपैकी कुठेच नसतात. ती असतात संबंधित रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये.

न्यायालये काय म्हणाली आहेत

वैद्यकीय कारण असलेल्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाचा कल बऱ्यापैकी स्पष्ट आहे. धरमवीर सिंग प्रकरणात (2013) न्यायालयाने म्हटले, की भरतीच्या वेळी वैद्यकीय तपासणीत आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असे धरायचे, आणि आजार सेवेमुळे आलेला नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर. सुखविंदर सिंग प्रकरणात (2014) न्यायालय आणखी पुढे गेले. ज्याला आजारामुळे सेवेतून काढले, त्याचे अपंगत्व 20 टक्क्यांहून जास्त असल्याचे मानावेच लागेल.

मी मेकॅनिकल शिकलो. तपासणीत पास करून घेतलेला भाग यंत्रात बसवल्यावर तुटला, तर आधी यंत्रावरचा भार तपासतात. ‘भागानेच विनंती केली’ असे अहवालात कुणी लिहीत नाही. (तुलना जरा कोरडी आहे, पण न्यायालयाचे म्हणणे मला यापेक्षा सोप्या शब्दांत सांगता येत नाही.)

हा नियम सरसकट नाही. नरसिंह यादव प्रकरणात (2019) न्यायालयाने सांगितले, की काही मानसिक आजार भरतीच्या तपासणीत दिसतीलच असे नाही, म्हणून केवळ सेवेत असताना निदान झाले एवढ्यावर पेन्शन मिळणार नाही.

गेल्या वर्षी याच्याशी जुळणारा विषय देशभर गाजला. एनडीएसारख्या संस्थांत प्रशिक्षण घेताना जखमी होऊन बाहेर पडलेल्या ऑफिसर कॅडेट्सची दखल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये स्वतःहून घेतली, आणि त्याच महिन्यात त्यांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत घेण्याचा निर्णय झाला. ते योग्यच झाले. पण कायद्यात कॅडेटपेक्षा रिक्रूटचे स्थान मजबूत आहे. कॅडेट कमिशन मिळेपर्यंत सैनिक मानला जात नाही, रिक्रूट पहिल्या दिवसापासून सैन्य कायद्याखाली असतो. खडकवासल्याच्या मुलांचे दुःख वर्तमानपत्रापर्यंत पोहोचले, कंधार-मुखेडच्या मुलांचे पोहोचत नाही, याला बातमीदार म्हणून आम्हीही जबाबदार आहोत.

कलम 23 : मातृभाषेतला कागद

या सगळ्या शोधात मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते सैन्य कायद्याचे कलम 23. सेवा संपलेल्या प्रत्येक नोंदणीकृत व्यक्तीला कमांडिंग ऑफिसरने प्रमाणपत्र द्यायचे असते. सेवा कोणी संपवली, कारण काय आणि एकूण सेवा किती झाली, हे त्यात लिहायचे. आणि ते त्या व्यक्तीच्या मातृभाषेत आणि इंग्रजीत, दोन्हींत द्यायचे.

मातृभाषेत. 1950 पासून हे कायद्यात आहे. अग्निवीर भरतीची लेखी परीक्षा 2025 पासून मराठीतूनही देता येते. आत जाताना मराठी चालते, तर बाहेर पडताना का नाही? मी पाहिलेला कागद इंग्रजीत होता. त्या मुलाला त्यातला एकही शब्द वाचता येत नाही असे नाही, पण ‘ओन रिक्वेस्ट’ या दोन शब्दांमुळे आपण काय सोडून देतो आहोत, हे त्याला त्या दुपारी कळले नव्हते.

म्हणून माझे मत असे आहे. रिक्रूटला परत पाठवण्याचा अधिकार कमांडिंग ऑफिसरकडेच राहू द्या. पण प्रत्येक अशा मुलाच्या हाती कलम 23 चे प्रमाणपत्र मराठीतून पडल्याशिवाय दाद मागण्याची मुदत मोजायला सुरुवात होऊ नये. आणि रकान्यातले कारण चुकीचे आहे असे जो म्हणतो, त्याचा अर्ज त्या केंद्राबाहेरच्या मंडळाने एकदा पाहावा. वकील आणि मुंबई यांच्या आधी. रुग्णालयात असताना किंवा तिथून बाहेर पडताच आलेली ‘स्वतःची विनंती’ तर आपोआप या मंडळापुढे जावी. यासाठी नवा कायदा लागेल असेही मला वाटत नाही. खात्री करून घ्यायची, हे नियम 13 मध्ये आधीच लिहिले आहे.

तोवर अशा घरांनी काय करावे? आधी माहिती अधिकारात रेकॉर्ड ऑफिसकडून वैद्यकीय कागद, सेवामुक्तीचा आदेश आणि मूळ अर्जाची प्रत मागवा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. त्याच वेळी लेखी तक्रार रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा, कारण पुढच्या मुदती तिच्यावरून मोजल्या जातात. रुग्णालयाचा डिस्चार्ज कागद, औषधांच्या चिठ्ठ्या, त्या दिवसांतले घरी केलेले फोन, सगळे तारखेनुसार लावा.

त्या मुलाने गेल्या सोमवारी नांदेडच्या पोस्टातून दोन्ही पाकिटे पाठवली. घरी आल्याला त्याला चार महिने आणि अकरा दिवस झाले आहेत. पहाटेचे धावणे त्याने अजून सुरू केलेले नाही. डॉक्टरांनी आणखी सहा आठवडे थांबायला सांगितले आहे.