आधी द्राक्ष, मग बाकीची पिके

एकच सॉफ्टवेअर सगळ्यांना द्यायचे की ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे वेगळे बांधायचे, यावर पुण्यात मगरपट्ट्यातल्या आयटी कंपन्यांत रोज खल होतो. त्याचे एक उत्तर तिथून जवळच, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या कामात सापडते. 1997 मध्ये सुरू झालेले हे केंद्र बागायतदारांना ‘मांजरी नवीन’सारख्या वाणांमुळे ठाऊक आहे; इथे मुद्दा मात्र निर्यातीच्या तपासणीचा.

2003 मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश सापडले आणि निर्यातदारांचे धाबे दणाणले. मग तपासणीची शिस्त आली, तिची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा मांजरीला झाली. 2006 मध्ये ‘अपेडा’ या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात प्राधिकरणाने ‘ग्रेपनेट’ ही संगणक प्रणाली सुरू केली. कृषी खात्याकडे प्लॉटची नोंदणी, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाऊस, ॲगमार्क, पीक-आरोग्याचे ‘फायटो’ प्रमाणपत्र असे सगळे एका साखळीत आले. युरोपातल्या पेटीवरून मागे मागे जात नाशिकचा नेमका प्लॉट गाठता येऊ लागला.

तेव्हा ‘सर्व फळांसाठी एकच प्रणाली’ असा घाट कोणी घातला नाही, हे फार बरे झाले. आधी एक पीक घेतले, ते नीट बसवले. डाळिंबासाठी ‘अनारनेट’, आंब्यासाठी ‘मँगोनेट’ आणि या सगळ्यांना सामावणारे ‘हॉर्टिनेट’ हे पुढचे. आपल्याकडे बहुधा उलटे होते: मंत्रालयात एकसमान आराखडा ठरतो आणि गावात त्याला ठिगळे लावत बसावे लागते.

पण द्राक्षासाठी खास बांधले म्हणून सगळे साधले असेही नाही. 2010 च्या हंगामात युरोपात द्राक्षे अडकली ती क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळे. बागायतदारांच्या बोलण्यातले हे ‘सीसीसी’, खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरायला वापरले जाणारे. तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नव्हतेच! यादीप्रमाणे तपासणी झाली, अहवाल चोख आले आणि माल तिकडे पोचल्यावर दोष निघाला. पुढे ते यादीत आले.

म्हणजे वेगळेपण हवे ते नेमके इथे. नोंदणी, प्लॉट क्रमांक, अहवालाचा नमुना हे सर्व पिकांना एकच असावे. युरोपातल्या खरेदीदाराला दहा तऱ्हेचे कागद वाचायला वेळ नाही. रसायनांची यादी आणि हंगामाचे गणित मात्र पिकागणिक निराळे. द्राक्षाचा हिशेब छाटणीच्या तारखेपासून धरतात, डाळिंबाचा बहारापासून. मृग, हस्त की आंबे, हे विचारल्याशिवाय डाळिंबवाल्याशी बोलणेच सुरू होत नाही. हे रकाने ‘इतर माहिती’त कोंबले की प्रणाली एकसमान दिसते, पण कामाची उरत नाही.

कृषी खात्याने शेतकऱ्यांसाठी पुढचे ॲप काढताना निविदेआधी एका पिकाचा एक पूर्ण हंगाम त्यावर चालवून पाहावा, आणि पिकाच्या याद्या दर हंगामात बदलण्याचा अधिकार कंत्राटदाराकडे न ठेवता त्या पिकाच्या संशोधन केंद्राकडे द्यावा.