मोटारींतील वाटाड्या

मोटार घेणें हा एके काळीं घरांतला मोठा समारंभ असे. आतां मध्यम स्थितींतल्या अनेक घरीं ती सोयीची वस्तु म्हणून दाराशीं उभी असते. माणसें तिच्यांतून कुलदैवताला जातात, लग्नकार्यांना जातात, माहेरीं-सासरीं जातात. आणि अशा एखाद्या लांबच्या प्रवासाची तयारी चालू असतांना हल्लीं एक नवाच प्रश्न निघतो : वाट दाखविणारें यंत्र घ्यावें काय, आणि घ्यावयाचें तर कोणतें? धाकटे म्हणतात, “हातांत मोबाइल असतांना दुसरें यंत्र हवें कशाला?” वडील म्हणतात, “आम्ही आजवर विचारीत विचारीतच गेलों ना?” दुकानदार तिसरेंच कांहीं सांगतो. या महिन्यांत या प्रश्नाचा आपण जरा शांतपणें विचार करूं.

विचारास आरंभ करतांना एक गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. उपग्रह आपणांस वाट दाखवीत नाहीं. आपण कोठें आहों, एवढेंच तो सांगतो. ज्याला आपण सरसकट ‘जीपीएस’ म्हणतों, ती अमेरिकेची उपग्रहमालिका आहे. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे तिचे उपग्रह अणुघड्याळांनीं मोजलेली वेळ व आपलें स्थान अखंड प्रक्षेपित करीत असतात. आपलें यंत्र निदान चार उपग्रहांचे संदेश ऐकतें, ते पोंचण्यास किती वेळ लागला तें मोजतें, आणि त्यावरून आपला ठावठिकाणा काढतें. हे संदेश प्रकाशाच्या वेगानें येतात. त्यामुळें वेळ मोजण्यांत सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली, तरी अंतरांत सुमारें ३०० मीटरांची चूक पडते. पूर्वीं नागरी वापराचे संदेश मुद्दाम सदोष करून दिले जात. २००० सालच्या मे महिन्यांत अमेरिकेनें ती आडकाठी काढली, आणि तेव्हांपासून ही विद्या सामान्य माणसाच्या मोटारीला खऱ्या अर्थानें उपयोगी पडूं लागली. आज मोकळ्या आकाशाखालीं साधा फोनदेखील आपलें स्थान सुमारें पांच मीटरांच्या आंतबाहेर सांगूं शकतो.

अमेरिकेच्या जोडीला रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बैदू या मालिका आहेत. आपल्या इस्रोनेंही २०१३ ते २०१६ या काळांत सात उपग्रह सोडून ‘नाविक’ ही मालिका उभी केली. तिच्या कांहीं उपग्रहांतील परदेशी अणुघड्याळें पुढें बंद पडलीं, तेव्हां २०२३ सालच्या मे महिन्यांत सोडलेल्या ‘एनव्हीएस-०१’ या उपग्रहांत स्वदेशी घड्याळ बसविण्यांत आलें. उंच इमारतींच्या गल्लींत किंवा खोल दरींत आकाशाचा तुकडाच दिसत असतां अधिक मालिकांचे संदेश घेणारें यंत्र सरस ठरतें, हें खरें. परंतु या सर्व मालिकांची साधी सेवा आपणांस विनामूल्य मिळते. संदेश केवळ ऐकावयाचा असल्यामुळें त्यासाठीं इंटरनेट लागत नाहीं, सिमकार्ड लागत नाहीं, मासिक वर्गणी लागत नाहीं.

मग आपण पैसे मोजतों ते कशाचे? नकाशाचे, आणि तो नकाशा दाखविणाऱ्या यंत्राचे. पुढचा रस्ता एकेरी आहे कीं दुहेरी, पूल उभा आहे कीं पडला आहे, नवा वळणरस्ता कोठून फुटतो, हें उपग्रहाला ठाऊक नसतें. तें नकाशा करणाऱ्या माणसांनीं गोळा केलेलें असतें. म्हणून खोक्यावर किती उपग्रहमालिकांचीं नांवें छापलीं आहेत हें पाहणाऱ्या ग्राहकापेक्षां, आंतील नकाशा कोणत्या सालचा आहे आणि तो पुढें कोण, किती दिवस व किती पैशांत नवा करून देणार, हें विचारणारा ग्राहक अधिक शहाणा समजावा.

आतां प्रत्यक्ष निवडीकडे वळूं. घरांत बऱ्यापैकीं मोबाइल फोन असेल, तर बहुतेक कुटुंबांना वेगळ्या यंत्राची गरज नाहीं, असें आमचें मत आहे. गूगलचा नकाशा आहे, आपल्याकडील मॅपमायइंडियाचा ‘मॅपल्स’ आहे, आणि २००४ सालीं इंग्लंडांत सुरू झालेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या लोकांनीं मिळून केलेल्या नकाशावर आधारलेला ‘ऑर्गॅनिक मॅप्स’ही आहे. यांपैकीं कोणताही फोनवर फुकट घेतां येतो. खर्च करावयाचा तो फोन घट्ट धरून ठेवणारा होल्डर आणि मोटारींतील विजेवर चालणारा चांगला चार्जर यांवर करावा. काटकसरीनें घेतल्यास दोहोंचें मिळून हजार-दीड हजार रुपयांत भागतें.

फोनचे दोष मात्र आधीं ओळखून ठेवावे. पहिला दोष असा, कीं उपग्रहाला इंटरनेट लागत नसलें तरी नकाशा बहुधा इंटरनेटवरून येत असतो. ताम्हिणीच्या किंवा कुंभार्लीच्या घाटांत फोनची रेंज गेली, कीं आपलें स्थान दाखविणारा ठिपका कोऱ्या पाटीवर फिरूं लागतो. उपाय सोपा आहे : निघण्याच्या आदल्या दिवशीं घरीं बसूनच त्या भागाचा नकाशा फोनमध्यें उतरवून घ्यावा. असे उतरविलेले नकाशे वेळोवेळीं नवे करावे लागतात, आणि रेंज नसतांना पुढील रस्त्यावरील कोंडीची वार्ता मिळत नाहीं, एवढें लक्षांत असावें. दुसरा दोष उष्णतेचा. ॲपल कंपनी आपले आयफोन शून्य ते ३५ अंश सेल्सिअस हवेंत वापरण्यास सांगते. वैशाखाच्या उन्हांत मोटारीच्या कांचेमागें याहून पुष्कळ अधिक ताप असतो, आणि तापलेला फोन स्वतःला मंद करतो किंवा बंद होतो. म्हणून होल्डर कांचेला चिकटविण्याऐवजीं थंड हवेच्या झरोक्यापाशीं बसविणें चांगलें. तिसरा दोष असा, कीं नेमक्या चौकांत कोणाचा तरी फोन येतो आणि वाट सांगणारा आवाज मध्येंच थांबतो. त्यासाठीं गाडी चालविणाऱ्याचा फोन न वापरतां शेजारी बसणाऱ्याचा वापरावा.

मोटारींतच स्क्रीन बसविलेली असेल, तर प्रश्न आणखी सुकर होतो. ‘ॲपल कारप्ले’ २०१४ पासून आणि ‘अँड्रॉइड ऑटो’ २०१५ पासून प्रचारांत आलीं. त्यांच्या योगानें फोनवरचाच नकाशा मोटारीच्या मोठ्या स्क्रीनवर दिसतो. जुन्या मोटारींत बाजारांतील स्वस्त स्क्रीन बसवून घेतां येते. मात्र उपग्रहाचे संदेश घेणारा तिचा अँटेना पत्र्याच्या मागें दडपला, तर महागडी स्क्रीनही भांबावते. तो आकाशाकडे मोकळा राहील असा बसविला आहे ना, आणि तारा तोडल्यामुळें मोटारीची हमी रद्द होत नाहीं ना, या दोन गोष्टी बसविणाऱ्याकडून आधींच खात्री करून घ्याव्या.

गार्मिन, टॉमटॉम अशा कंपन्यांचें स्वतंत्र यंत्र कोणाला शोभतें? घरांतील वडीलधाऱ्या चालकाला फोनची कटकट नको असेल, प्रवास वारंवार दुर्गम भागांतून होत असेल, किंवा फोन दुसऱ्या कामासाठीं मोकळा ठेवणें भागच असेल, तर तें उपयोगी आहे. कारण त्याचा नकाशा त्याच्या पोटांतच साठविलेला असतो. मात्र त्याला कित्येक हजार रुपये पडतात. परदेशांतील भाऊ-भाचे सुट्टींत येतांना असें यंत्र स्वस्तांत मिळालें म्हणून प्रेमानें घेऊन येतात. त्यांत बहुधा त्यांच्याच देशाचा नकाशा असतो, आणि हिंदुस्थानचा नकाशा वेगळा विकत घ्यावा लागला तर स्वस्ताई तेथेंच संपते. आणविण्यापूर्वींच त्यांना याची चौकशी करावयास सांगावें.

आणखी एका फसगतीपासून सावध राहिलें पाहिजे. बाजारांत ‘मोटारीचा जीपीएस’ म्हणून एक-दोन हजार रुपयांना एक लहानशी डबी मिळते. तिला स्क्रीन नसते, आंत सिमकार्ड असतें. ती मोटार कोठें आहे हें घरीं बसलेल्या मालकाला कळविते. मोटारींतल्या माणसाला वाट दाखवीत नाहीं. चोरीच्या भयानें ती कोणी घेतली तर ठीक. पण वाटाड्या म्हणून ती घरीं आणूं नये.

कोणतेंही साधन निवडतांना दुकानांतच कांहीं कसोट्या लावून पाहाव्या. नागपूर ते ठाणे जिल्ह्यांतील आमणें हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग टप्प्याटप्प्यानें खुला होऊन ५ जून २०२५ रोजीं पूर्ण झाला. तो नकाशांत शेवटपर्यंत दिसतो कां, हें पाहावें. दिसत नसेल तर नकाशा शिळा आहे. नंतर आपल्या मूळ गांवाचें नांव घालावें, आणि घरापर्यंतची आपणांस तोंडपाठ असलेली वाट यंत्र कशी सांगतें तें तपासावें. दुकानाबाहेर उन्हांत स्क्रीन वाचतां येते कां, हें पाहावें. आवाज मराठींत आहे काय, आणि गांवांचीं नांवें ओळखूं येतील अशीं उच्चारलीं जातात काय, हें ऐकावें. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार दोन सेकंदांत सुमारें ३३ मीटर पुढें जाते. तेवढा वेळ चालकाची नजर स्क्रीनवर राहिली तर तें अंतर तो आंधळेपणानें काटतो. म्हणून सुंदर चित्रापेक्षां स्पष्ट आवाजाची किंमत अधिक.

यंत्र घरीं आल्यावर त्याला आपला हेतु नीट सांगणें हें आपलें काम. नुसतें ‘नांदगांव’ म्हटलें, तर नाशिक जिल्ह्यांतील नांदगांव, कीं मुरूडजवळचें, कीं अमरावतीकडील नांदगांव खंडेश्वर, हें यंत्रानें कसें ओळखावें? तालुका व जिल्हा पडताळून मगच निघावें. वाहनाचा प्रकार दुचाकी असा राहून गेला, तर मोटार बोळांत जाऊन अडकते. दापोलीहून गुहागरास जातांना नकाशा दाभोळ ते धोपावे ही जलवाहतुकीची वाट दाखवितो. ती दिवसा मोठी सोयीची, पण शेवटची फेरीबोट सुटून गेल्यावर खाडीच्या कांठीं लेंकुरवाळ्या बाया व म्हातारीं माणसें घेऊन उभें राहण्याची पाळी येते. फेरीबोट टाळण्याची सोय यंत्रांत असते; रात्रीच्या प्रवासांत तिचा उपयोग करावा.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. २०२१ च्या जानेवारींत अकोले तालुक्यांत कळसूबाईकडे निघालेली एक मोटार रात्रीच्या अंधारांत नकाशानें दाखविलेल्या रस्त्यानें गेली आणि धरणाच्या पाण्याखालीं गेलेल्या पुलावर शिरली. दोघे कसेबसे बाहेर आले, चालक बुडाला. २०२४ च्या नोव्हेंबरांत उत्तर प्रदेशांत बरेलीजवळ रामगंगेवरील पुलावरून मोटार खालीं कोसळून तिघे दगावले. त्या पुलाचा पुढचा भाग आधींच पुरांत वाहून गेला होता. या दोन्ही ठिकाणीं उपग्रहांनीं स्थान बरोबरच सांगितलें असेल. पुढें रस्ता उरला नाहीं, ही वार्ता नकाशाला नव्हती. असा प्रसंग यंत्राच्या किंमतीनें टळत नाहीं. चाळीस हजारांचें यंत्र आणि फुकटचा फोन या बाबतींत सारखेच आंधळे असतात.

म्हणून प्रत्येक कुटुंबानें कांहीं नियम ठरवून घ्यावे, असें आम्ही सुचवितों. मार्ग निघण्यापूर्वींच घालावा. वाटेंत बदल करावयाचा तो शेजारी बसणाऱ्यानें करावा, चालकानें नव्हे. मोटार चालवितांना हातांतील फोन फक्त मार्ग पाहण्यापुरता, आणि तोही चालकाचें लक्ष विचलित होणार नाहीं अशा रीतीनेंच, वापरावा, असें १ ऑक्टोबर २०२० पासून नियमानेंच ठरविलें आहे. पावसाळ्यांत व रात्रीं शक्य तर मोठा रस्ता सोडूं नये, मग यंत्र आडवाटेनें वीस मिनिटें वांचवून देण्याचें आमिष दाखवो. रस्त्यावर पाणी दिसलें, वाट ओसाड व अरुंद होत चालली, किंवा वडीलधाऱ्यांपैकीं कोणी “हा रस्ता मला बरोबर वाटत नाहीं” असें म्हणालें, तर मोटार थांबवावी आणि जवळच्या वस्तींत विचारावें. वडिलांची ‘विचारीत विचारीत जाण्याची’ रीत अशा वेळीं सर्वांत अद्ययावत ठरते. कारण कालच्या पावसांत कोणता फरशीपूल वाहून गेला, हें पलीकडच्या पिंपळाखालीं बसलेल्या माणसाला नकाशाच्या आधीं कळलेलें असतें.

तेव्हां फोन असेल तर होल्डर व चार्जर घ्या, नकाशा घरून उतरवून न्या, आणि वांचलेले पैसे मोटारीचे टायर व ब्रेक तपासण्याकडे लावा. स्वतंत्र यंत्राची खरी गरज असेल तर तें अवश्य घ्या, पण त्याचा नकाशा पारखून घ्या. आपल्या प्रवासांतून कांहीं उपयुक्त अनुभव आले असल्यास ते आम्हांस अवश्य कळवावे. पुढें या सदरांतून त्यांचा परामर्श घेऊं.