पावसाबरोबर येणारा ताप

मृगाच्या सरी पडून गेल्या, शाळा उघडल्या आणि पहिला पंधरवडा संपायच्या आतच वर्गांतून बाके रिकामी दिसू लागली. बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत संध्याकाळी बसायला जागा मिळत नाही. ‘हवा बदलली, चालायचंच’ असे म्हणत घरोघरी गवती चहा आणि आल्याचा काढा उकळतो आहे. हवा बदलली की ताप-खोकला वाढतो, हे अनुभवाचे बोल खरेच आहेत. मात्र ते चालवून घ्यायचे, हे आम्हाला मान्य नाही.

फ्लू हा थंडीतला आजार, ही समजूत थंड देशांतल्या पुस्तकांतून आपल्याकडे आली. तिकडे ती खरीही आहे. आपल्या देशातल्या दहा शहरांतील नमुने तपासून केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. श्रीनगरमध्ये फ्लूचा जोर जानेवारी ते मार्च या काळात दिसला. पुणे-नागपूरसारख्या शहरांत तो नैर्ऋत्य मोसमी पावसाबरोबर चढला, तर चेन्नई आणि वेल्लोरमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे तिथला पाऊस पडतो तेव्हा. एकाच देशात, एकाच विषाणूचे हे तीन हंगाम. महाराष्ट्राचा हंगाम आता सुरू होतो आहे.

असे का व्हावे? न्यूयॉर्कमधील अनिस लोवेन आणि पीटर पालेसी यांनी २००७ मध्ये गिनीपिगांवर केलेले प्रयोग याबाबत प्रसिद्ध आहेत. १९१८ च्या महासाथीत अमेरिकेतल्या कॅम्प कोडी या लष्करी तळावर प्रयोगशाळेतले गिनीपिगही मरू लागल्याची एक जुनी नोंद होती. तिच्यावरून त्यांना या प्राण्याची निवड सुचली. हवा थंड आणि कोरडी ठेवली, की आजारी प्राण्याकडून शेजारच्या पिंजऱ्यातल्या निरोगी प्राण्याकडे विषाणू सहज पोचत असे. तापमान ३० अंशांवर नेले, की हवेतून होणारी लागण थांबली. इथवर पाहिले तर मुंबई-पुण्याला पावसाळ्यात फ्लूची भीती नसावी. पण पुढच्याच वर्षी याच गटाने आजारी आणि निरोगी प्राणी एकाच पिंजऱ्यात ठेवून पाहिले. तेव्हा ३० अंशांतही लागण झाली.

अंतर मिटले, तिथे उष्णतेचे संरक्षणही संपले. आपल्या पावसाळ्याचे कोडे बरेचसे इथे सुटते, असे आम्हाला वाटते. हवेचे स्वतःचे गुणधर्म आहेतच. फार कोरड्या हवेत नाका-घशाचे अस्तर सुकते आणि शिंतोडे आटून हलके होतात, तरंगत राहतात. अतिदमट हवेत ते आटत नाहीत, त्यांतले क्षार दाट होत नाहीत आणि आतला विषाणू अधिक काळ तग धरतो. ढगांमुळे विषाणूला मारणारे ऊनही कमी होते. पण या सगळ्याहून मोठी गोष्ट आपण स्वतः करतो. झड आत येते म्हणून वर्गाच्या खिडक्या लावून घेतो. एस्टीच्या काचा खाली ओढतो. साठ मुले ओल्या गणवेशात एका खोलीत पाच तास बसतात आणि एकमेकांनी सोडलेला श्वास पुन्हा पुन्हा आत घेतात.

बंद जागेत काय होते, याचे एक जुने उदाहरण अलास्कातले आहे. १९७७ मध्ये तिथे एक विमान इंजिनातल्या बिघाडामुळे सुमारे तीन तास जमिनीवरच अडकले. आत ५४ जण होते, एका प्रवाशाला फ्लू होता आणि हवा खेळवणारी यंत्रणा बंद होती. पुढच्या ७२ तासांत ७२ टक्के प्रवासी आजारी पडले.

आपल्या इतिहासातला दाखला याहून क्लेशकारक आहे. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीतून महासाथ शहरात शिरली. पहिली लाट ओसरली आणि सप्टेंबरात दुसरी, भयंकर लाट आली. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, धान्य महागले होते, माणसे अर्धपोटी होती. ६ ऑक्टोबर या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या साथीतले मुंबईचे मृत्यूचे प्रमाण पाहा: युरोपीयांमध्ये हजारी सुमारे ८, आणि सरकारी नोंदींनी ज्यांना ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले त्यांच्यामध्ये हजारी ६१ हून अधिक. शहर एकच, तापमान एकच, हवेतला ओलावाही एकच. फरक होता तो अन्नाचा, शुश्रूषेचा आणि एका खोलीत किती माणसे झोपतात याचा. म्हणून साथीचा दोष केवळ ऋतूवर टाकला जातो, तेव्हा आम्हाला ती पळवाट वाटते.

पुण्याला हे वेगळे सांगायला नको. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी, ऐन पावसाळ्यात याच शहरात झाला. एक शाळकरी मुलगी गेली. त्यानंतर नायडू रुग्णालयासमोर लागलेल्या रांगा, बंद पडलेल्या शाळा आणि तोंडाला रुमाल बांधून फिरणारी माणसे अनेकांना आजही आठवत असतील. पुढे करोनाच्या काळात आपण खिडक्या उघडायला शिकलो आणि साथ सरताच ते विसरलोही. शाळेची तपासणी होते तेव्हा खोल्या मोजतात, पाण्याची टाकी पाहतात. भर पावसात त्या खोलीत हवा कुठून येते आणि कुठून जाते, हे कोण पाहते? कौलारू शाळांना भिंतीत वर झरोके असत, पागोळ्या बाहेर पडतील इतके छप्पर पुढे आलेले असे, त्यामुळे झडीतही हवा खेळत राही. सिमेंटच्या नव्या इमारतींत खिडकीवर हातभर छज्जासुद्धा नसतो. कार्यालयांतले स्प्लिट एसी तर खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतात, बाहेरची ताजी हवा आत घेतच नाहीत. समोरासमोरच्या भिंतींत झरोके, खिडक्यांवर छज्जे आणि जिथे तेही जमत नाही तिथे बाहेर हवा फेकणारा पंखा, ही कामे जिल्हा परिषदेच्या आणि पालिकेच्या अंदाजपत्रकात बसणारी आहेत. ती दुरुस्तीच्या यादीत तळाला पडून राहतात, याचा आम्हाला राग येतो.

लसीचेही तसेच आहे. फ्लूच्या लसीत विषाणूचे कोणते प्रकार असावेत, हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा ठरवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. नकाशावर आपण उत्तरेला आहोत, पण आपला हंगाम पावसाळ्यातला. त्यामुळे हिवाळ्याच्या तोंडावर घेतलेल्या लसीचा जोर पुढच्या आषाढापर्यंत पुष्कळसा ओसरलेला असतो. महाराष्ट्रासाठी ती टोचण्याची योग्य वेळ एप्रिल-मे. गरोदर स्त्रिया, साठी ओलांडलेले, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेले यांनी ती चुकवली असेल, तरी अजून वेळ गेलेली नाही. लस टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात आणि साथीचा जोर जुलैत चढतो. आरोग्य केंद्रांनी या आठवड्यातच अशा लोकांची यादी काढून त्यांना बोलावून घ्यावे, आणि मुलाला ताप असेल तर दोन-तीन दिवस घरी ठेवले म्हणून त्याची हजेरी कापली जाणार नाही, हे शाळांनी पालकांना आजच लेखी कळवावे.