अंगणातल्या दिव्याला डोळे कशाला?

अंगणातला दिवा संध्याकाळी कोणी लावायचा आणि सकाळी कोणी मालवायचा, हा घरोघरचा जुना प्रश्न आहे. पुष्कळदा मालवायचे राहून जाते आणि दिवा भर उन्हात जळत राहतो. आता यावर एक नवा उपाय निघाला आहे. फाटकाशी कॅमेरा बसवायचा. त्याला हालचाल दिसली की दिवा आपोआप लागतो व थोड्या वेळाने मालवतो. राखण होते आणि वीजही वाचते, असे सांगतात. यातला विजेचा भाग विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल घेऊन तपासून पाहावा.

समजा, दिवा ९ वॅटचा एलईडी आहे. तो रोज १२ तास जळत ठेवला तर १०८ वॅट-तास वीज लागेल. आता कॅमेरा ५ वॅटचा धरू. तो दिवसरात्र चालू असतो, म्हणून त्याला १२० वॅट-तास लागतील. दिवा रात्रीतून ३० वेळा, प्रत्येक वेळी २ मिनिटे लागला, तर त्याचे आणखी ९. एकूण १२९! म्हणजे दिवा रात्रभर जळू दिला असता तर वीज कमीच लागली असती. दिव्याच्या जागी ६० वॅटचा जुना बल्ब असता, तर रात्रीचा खर्च ७२० वॅट-तास झाला असता आणि कॅमेरा खरोखरच काटकसरीचा ठरला असता. दिवे सुधारले, पण बचतीचे गणित आपण पुन्हा मांडले नाही.

मग स्वयंचलित दिवा नकोच का? हवा, पण त्यासाठी मनुष्य दिसण्याची गरज नाही, त्याची चाहूल लागली की पुरे. आपल्या त्वचेचे तापमान सुमारे ३३ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०६ केल्विन असते. वीनच्या नियमाने २८९८ ला ३०६ ने भागा. उत्तर येते सुमारे ९.५ मायक्रोमीटर. या तरंगलांबीच्या आसपासचे अवरक्त किरण आपल्या अंगातून सर्वांत जास्त प्रमाणात बाहेर पडत असतात. ते ओळखणाऱ्या साध्या संवेदकाला पीआयआर म्हणतात. त्यात तापमान बदलताच विद्युत्प्रभार निर्माण करणाऱ्या पदार्थाचे दोन तुकडे परस्परविरोधी जोडलेले असतात. दोहोंवर सारखीच उष्णता पडली तर परिणाम शून्य होतो. माणूस समोरून आडवा गेला की आधी एकावर, मग दुसऱ्यावर किरण पडतात, आणि दिव्याला इशारा मिळतो. अशा स्विचाला अर्धा वॅट लागतो असे धरले, तरी दिव्यासह दिवसाचा खर्च २१ वॅट-तास होतो. कॅमेऱ्याच्या तुलनेत वर्षाला सुमारे ३९ युनिट वाचतात.

पीआयआर निर्दोष आहे असे मात्र नाही. विदर्भातल्या मे महिन्यात भिंतीही अंगाइतक्या तापतात. तेव्हा फरकच उरत नाही आणि तो गोंधळतो. खिडकीच्या काचेतून हे किरण पार होत नाहीत. सरळ त्याच्या रोखाने चालत येणारा माणूसही त्याला उशिरा कळतो. म्हणून तो वाट आडवी येईल असा बसवावा. पण कॅमेरा तरी कुठे अचूक असतो? साधा कॅमेरा लागोपाठच्या दोन चित्रांतील फरक मोजतो. झाडाची फांदी हलली, भिंगासमोर कोळी आला, इतकेच काय, स्वतःचाच दिवा लागला, तरी त्याला ती हालचाल वाटू शकते.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. पीआयआरला कोणीतरी आले एवढेच कळते. कॅमेऱ्याला कोण आले, किती वाजता आले, सोबत कोण होते, हे सारे कळते आणि ते साठवलेही जाते. समोरच्या घरातले लोक केव्हा येतात-जातात, याची नोंद आपल्या दिव्यासाठी का व्हावी? २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. शेजारधर्म तर त्याहूनही जुना आहे.

दुकानाला किंवा आडबाजूच्या घराला राखणीसाठी कॅमेरा लागतो, हे मान्य. तो आधीपासूनच असेल तर दिवाही त्याला जोडावा. त्यात जादा खर्च फारसा नाही. फक्त त्याचे तोंड आपल्याच फाटकाकडे असावे. पण केवळ दिव्यासाठी कॅमेरा घेणे म्हणजे दाराची कडी वाजली का हे पाहायला चोवीस तासांचा चित्रकार नेमणे होय.

कामाला पुरेल इतकेच जाणणारे साधन निवडणे हीही विज्ञानदृष्टीच आहे. शिक्षकांनी हे गणित वर्गात जरूर घालावे. विद्यार्थ्यांनी घरच्या दिव्यावरचे व कॅमेऱ्यावरचे वॅट वाचून आणावेत, आणि वरच्या हिशेबात माझ्या आकड्यांऐवजी ते घालून पाहावेत.