जठराचे दार बंद, शासनाचे कान बंद!

सुरत-धुळे महामार्गावरचे विसरवाडी. नवापूर तालुक्यातला मावची, भिल्ल, कोकणी मजूर ऊसतोडीला गुजरातेत जातो. अंग दुखले की गोळी, पोटात आग पडली की पुन्हा गोळी! पुढे सकाळची भाकरी संध्याकाळी तशीच उलटून पडते. कोणी म्हणतो पित्त, कोणी म्हणतो करणी. आणि माणूस वाळत जातो.

हे ना पित्त, ना करणी. जठराचे आतड्याकडे उघडणारे तोंड जुन्या व्रणाने आकसते, कधी कर्करोगाने बुजते. व्रण बहुधा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूने किंवा वेदनाशामक गोळ्यांच्या माऱ्याने होतो. हा जंतू मार्शल व वॉरन यांनी १९८२ साली शोधला. २००५ साली त्यांना नोबेल मिळाले. उत्तर भगताने नव्हे, विज्ञानाने दिले!

व्रणाने आकसलेले तोंड आज पोट न फाडता उघडता येते. तोंडावाटे दुर्बीण घालून अरुंद जागी फुगा फुगवतात. १२, १५, १८ मिलिमीटर असा टप्प्याटप्प्याने. बहुधा एका खेपेत भागत नाही. जठर फाटण्याचा धोका असतो, म्हणून शस्त्रक्रियेची सोय जवळ हवी. जंतू मारला नाही, गोळ्या सुटल्या नाहीत, तर आजार परततो. म्हणून आधी तुकडा काढून तपासणी. कर्करोग निघाल्यास धातूची जाळीदार नळी बसवता येते.

पण या खेपा हातावर पोट असणाऱ्याने घालायच्या कशा? जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासाठी २०२० उजाडावे लागले. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा २०२३ मध्ये ५ लाखांवर नेण्याचा निर्णय झाला. कार्डाने बुडालेली मजुरी भरून निघते काय?

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंगालमधील एका शेतमजुराच्या प्रकरणात बजावले : वेळेवर उपचार हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, पैसा नाही ही सबब चालणार नाही. बाबासाहेबांच्या संविधानाने दिलेला हा हक्क आहे, भीक नव्हे!

म्हणून मागणी स्पष्ट आहे. दुर्बिणीची तपासणी व फुग्याचा उपचार जिल्ह्यातच मिळावा. त्याचे वार विसरवाडीच्या दवाखान्यातील फलकावर लिहावेत. वारंवार उलटी व वजनात घट दिसताच रुग्णाला चिठ्ठी देऊन पुढे पाठवावे. आणि कार्यकर्त्यांनो, मोर्चाची वाट पाहू नका. पाड्यावर असा माणूस दिसला तर भगताकडे नव्हे, दवाखान्यात न्या. आज, आत्ता!