पहिलीतले इंग्रजी आधी कानांनी यावे

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी शाळांपुढचा आजचा मोठा प्रश्न म्हणजे पालकांना असलेली इंग्रजीची ओढ. तंबाखूच्या वखारीत राबणारी आईसुद्धा पोटाला चिमटा काढून मुलाला इंग्रजी माध्यमात घालते. तिचे चुकते, असे म्हणण्याचा कोणालाही अधिकार नाही. बेळगावात 1998 साली विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ स्थापन झाले. अभियंता व्हायचे तर इंग्रजीला पर्याय नाही, हे तिला दिसते. इंग्रजी हवेच. मात्र पाच-सहा वर्षांच्या मुलाला ते कोणत्या क्रमाने द्यायचे, याचा विचार आपण पुरेसा केलेला नाही. पहिली-दुसरीत इंग्रजी भरपूर ऐकवावे, बोलू द्यावे. वाचन-लेखनाचा पाया मराठीतच घालावा आणि रोमन अक्षरे तिसरीपासून हाती द्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सीमाभागातल्या मराठी मुलावर मुळातच ओझे जास्त आहे. कर्नाटकाच्या 2015 च्या कायद्याने सर्व शाळांत कन्नड टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. त्यात इंग्रजी आले की प्राथमिक शाळेतच तीन भाषा आणि तीन लिप्या होतात. मराठी आणि कन्नड अक्षरांची वळणे निराळी असली तरी त्यांची घडण एकच आहे. अ-आ-इ-ई हा क्रम तोच, बाराखडी तशीच. ‘क’ला काना दिला की ‘का’ होतो, हे एकदा उमगलेले मूल कन्नड शिकतानाही तीच रीत वापरू शकते. रोमन लिपीत हा आधार सुटतो. ‘कॅट’मध्ये जे अक्षर ‘क’ म्हणून येते, तेच ‘सिटी’त ‘स’ होते. ‘नाइफ’चे पहिले अक्षर तर उच्चारातच नाही. ज्या मुलाला अजून मराठी जोडाक्षरे जमत नाहीत, त्याच्याकडून अशी स्पेलिंगे घोकून घेतली तर ते फळ्यावरचे वहीत उतरवते, पण वाचायला शिकत नाही.

जितकी लवकर सुरुवात, तितकी भाषा पक्की, हा समज अनुभवाला उतरलेला नाही. इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळांत 1964 पासून आठव्या वर्षी फ्रेंच सुरू करण्याचा मोठा प्रयोग झाला. क्लेअर बर्स्टॉल यांनी 1974 साली त्याचे निष्कर्ष मांडले. ही मुले सोळाव्या वर्षी, अकराव्या वर्षी सुरुवात केलेल्यांच्या पुढे होती ती फक्त ऐकून समजण्यात. बार्सिलोनात घरीदारी कातालान आणि स्पॅनिश बोलणारी मुले इंग्रजी शिकतात, म्हणजे त्यांची स्थिती आपल्या मुलांशी मिळतीजुळती आहे. तिथे कार्मेन मुन्योस यांच्या अभ्यासात, तास सारखेच मिळाले तेव्हा उशिरा सुरुवात केलेली मुलेच पुढे गेली. लहान वयाचा लाभ कानाला होतो, तर मग त्या वयात कानालाच काम द्यावे.

लहान मुले भाषा पटकन उचलतात, असा आक्षेप येईल. ते खरे आहे. बेळगावच्या गल्लीत खेळणारे मराठी मूल कन्नड असेच उचलते. पण ती भाषा दिवसभर त्याच्या कानावर पडते, खेळायला आणि भांडायलाही लागते. इंग्रजी मात्र निपाणीच्या बहुतेक घरांत नाही, बाजारात नाही. ते शाळेच्या तासापुरतेच भेटते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: श्रीमंतांची मुले बालवाडीपासून इंग्रजी लिहितात, मग गरिबांच्या मुलांनी का थांबावे? श्रीमंत घरात इंग्रजी जाणणारे आईवडील असतात, गोष्टींची पुस्तके असतात, शिकवणी असते. जिथे यातले काही नाही, तिथे शाळेतच पाया पक्का व्हायला हवा. शिवाय इथे इंग्रजी पुढे ढकला, असे कोणी म्हणत नाही. पहिल्या दिवसापासून गाणी, खेळ, सूचना, छोटे संवाद असावेत. थांबायचे आहे ते फक्त वाचन-लेखनासाठी.

सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली स्पष्ट केले की प्राथमिक शिक्षणात मातृभाषेचे माध्यम सरकारला लादता येणार नाही. त्यामुळे मराठी शाळांना पालकांचा विश्वास कमवावाच लागेल. तो कमवण्यासाठी घटनेचा आधारही आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण मिळण्याची सोय करावी, असे सांगणारे कलम 350 अ सातव्या घटनादुरुस्तीने आले. ती दुरुस्ती अमलात आली 1 नोव्हेंबर 1956 रोजी, ज्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले त्याच दिवशी. या कलमाचा अर्थ केवळ मराठी पुस्तके पुरवणे असा घेऊन चालणार नाही. मराठीतून शिकलेल्या मुलाला इंग्रजीही उत्तम यावे, याची सोय त्यात धरली पाहिजे. त्यासाठी मराठी शाळांतल्या शिक्षकांना इंग्रजी संभाषणाचे सकस प्रशिक्षण मिळावे, आणि एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीच्या, प्रत्येक बैठकीत पालकांनी ते गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे मागावे. मराठी शाळा टिकवायची असेल, तर तिच्यातून चांगले इंग्रजी बोलणारी मुले बाहेर पडली पाहिजेत.